हजेरी

शिक्षक कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल तर त्याचं शिकवणं नंतर ऐकावं, आधी त्याची हजेरी ऐकावी. प्रार्थना, प्रतिज्ञा, परिपाठ उरकून मुलं वर्गात येतात, दप्तरं टेकवतात, आणि हजेरी सुरू होते. काही शिक्षकांची मान हजेरीपटातून वर निघत नाही. नुसते क्रमांक. एक, हजर, दोन, हजर, तीन, शांतता, तिथं एक खूण, आणि पुढे चार. दोन मिनिटांत काम संपतं. काही शिक्षक मात्र नाव घेतात आणि वर बघतात. शांतता आली की तेही थांबतात. काल पण आली नव्हती ना ती? तिच्या आळीतलं कोण आहे इथं? ताप आहे की गावाला गेलीय? या चौकशीत पाच-सात मिनिटं जातात. घड्याळाकडे बघणाऱ्याला ती वाया गेलेली वाटतील. माझ्या मते त्या दिवसाचं निम्मं शिक्षण तिथंच झालेलं असतं.

शिकत असताना मी बऱ्याच शिक्षकांच्या हाताखालून गेलो. जे मनापासून आवडले त्यांची एकमेकांशी तुलना करायला बसलो की काही केल्या मेळ बसत नाही. एकाचा आवाज खर्जातला, एकीचा जेमतेम दुसऱ्या बाकापर्यंत पोचणारा. कुणी हसतमुख, कुणी वर्षभरात दात न दाखवलेला. कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाचं फळ्यावरून उतरवून घेताना आमची दमछाक. त्यांच्यात सारखं एवढंच होतं की ते सगळे वर बघणारे होते. आपण यांना दिसतो, याची आम्हा मुलांना खात्री होती.

माझं प्राथमिक शिक्षण बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराजवळच्या एका गावात झालं. जिल्हा परिषदेची शाळा, पत्र्याच्या खोल्या, पुढं लिंबाची झाडं. आमच्याकडे हजेरीलाही ऋतू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाची माणसं गावात फिरायला लागायची. मजुरीची आगाऊ उचल तर आधीच घेऊन संपलेली असायची. मग एका पहाटे भांडीकुंडी, गोधड्या, पिठाचे डबे, कोंबड्या आणि त्या पसाऱ्यावर बसलेली आमच्या वर्गातली मुलं, असे ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे, काही थेट कर्नाटकाकडे निघायचे. ऊसतोडीला गेलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. कोयता निघाला की पोरंही निघतात, कारण आई फडात गेल्यावर धाकट्याला राखायला थोरली लागते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरायची तेव्हा वर्ग अर्धा झालेला असायचा. उरलेले आम्ही पुढच्या बाकांवर सरकून बसायचो.

तिसरीला आम्हाला ज्या बाई होत्या त्या दिवाळीच्या आधीच कामाला लागायच्या. शाळा सुटली की वस्तीवर जायच्या, ओसरीवर बसायच्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलायच्या. आजी, पोरीला तुमच्याजवळ ठेवून घ्या, दोन भाकरी जास्त थापाव्या लागतील, तेवढंच. वाचायला लागलीय आत्ताशी, या सहा महिन्यांत सगळं विसरून जाईल. कुठं आजी ऐकायची, कुठं आजीचाच इलाज नसायचा. जी मुलं थांबत नसत त्यांना बाई एक वही द्यायच्या. वहीच्या पहिल्या पानावर त्या स्वतः लिहायच्या. ही मुलगी तेराचे पाढे म्हणते. हातच्याची वजाबाकी अजून अडते. जोडाक्षरं वाचताना थांबते, पण घाई केली नाही तर बरोबर वाचते. गाणी फार गोड म्हणते, म्हणायला सांगावं. कारखान्याच्या आसपासच्या एखाद्या शाळेत ही पोर जाऊन बसलीच, तर तिथल्या अनोळखी शिक्षकासाठी हे पान होतं.

आणि एक गोष्ट त्या करायच्या, ती मी नंतर कुठल्याच शाळेत पाहिली नाही. गेलेल्या मुलांची नावंही त्या हजेरीत रोज घ्यायच्या. नाव आलं की आम्ही सगळ्यांनी मिळून ते मूल कुठं आहे ते सांगायचं. सांगली. कोल्हापूर. बेळगाव. फळ्याशेजारी महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला असायचा, त्यावर बाई ते ठिकाण बोटानं दाखवायच्या. कृष्णा कुठून वाहते, वारणा तिला कुठं मिळते, तिकडं ऊस का पिकतो आणि आपल्याकडं का पिकत नाही, हे सगळं आम्ही त्या हजेरीत शिकलो. भूगोलाचं पुस्तक उघडायच्या आधी. चैत्रात मुलं परत यायची तेव्हा ती उन्हानं रापलेली असायची, हाताला पाचटानं कापल्याच्या रेघा असायच्या, पण ती वर्गाला परकी झालेली नसायची. त्यांचं नाव त्या वर्गात एक दिवसही घ्यायचं राहिलेलं नव्हतं.

आवडता शिक्षक आणि चांगला शिक्षक हे दोन निराळे असतात असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. मुलांची आवड उथळ असते असं गृहीत धरून ते बोललेलं असतं. विनोद सांगणारे, तास लवकर सोडणारे, सढळ हातानं गुण देणारे शिक्षक मुलांना आवडतात हे खरं, पण ती आवड वर्ग बदलला की संपते. पंधरा वर्षांनी जत्रेत भेटल्यावर गर्दीतून वाट काढत ज्यांच्या पाया पडायला माणूस धावतो, ते शिक्षक वेगळे. मुलांचा या बाबतीतला निवाडा वरवर वाटतो तितका कच्चा नसतो. कोण तयारी करून येतो, कोण गाईड बघून शिकवतो, सरपंचाच्या मुलाशी आणि सालगड्याच्या मुलाशी कोण वेगवेगळ्या सुरात बोलतो, हे पहिल्या आठवड्यात अख्ख्या वर्गाला कळलेलं असतं. मुलं बोलत नाहीत, एवढंच.

हायस्कूलला गणिताचे एक सर होते, कडक. त्यांना आम्ही घाबरायचो आणि तरी त्यांच्या तासाची वाट बघायचो. त्यांची एक सवय होती. प्रश्न विचारला की ते थांबत. पहिल्या बाकावरचे हात लगेच वर जायचे. सर त्यांच्याकडे बघून मान डोलवायचे, म्हणजे तुला येतंय हे मला ठाऊक आहे, पण थांब. मग मागच्या कुणाकडे तरी बघायचे आणि उभेच राहायचे. वर्गात पंख्याची घरघर ऐकू यायची. ती शांतता सुरुवातीला फार जड जायची. पण हळूहळू मागच्या बाकांवरून उत्तरं यायला लागली. चुकीची, अर्धी, मग बरोबर. पुढे कळलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात याच गोष्टीचा अभ्यास केला होता. वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून तिने दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, विचारपूर्वक येतात, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. आमच्या सरांनी हा अभ्यास वाचलेला असण्याची शक्यता नाही. मागे बसलेल्याला उत्तर सुचू शकतं यावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाला किती वेळ लागतो, ते मेरी बड रो यांनी मोजून ठेवलं.

विषयावरचं प्रेमही यात येतंच. ज्याला स्वतःला विषय आवडत नाही तो मुलांवर कितीही माया करो, तास फिकाच जातो. इतिहास शिकवताना ज्याचा चेहरा उजळतो, त्याच्या चेहऱ्याकडे बघून मुलं इतिहासाकडे वळतात. आणि ज्याला विषय खरोखर आवडतो तो एखाद्या प्रश्नावर मोकळेपणानं सांगतो की हे मला माहीत नाही, उद्या बघून येतो. दुसऱ्या दिवशी तो बघून येतोही. मुलांच्या लेखी या 'उद्या'ला फार किंमत असते. आपण विचारलेली गोष्ट घेऊन एक मोठा माणूस घरी गेला, रात्री त्यानं ती शोधली, हे कळल्यावर मूल स्वतःच्या डोक्याला थोडं अधिक मानानं वागवायला लागतं.

कधी कधी असा शिक्षक आपल्या शाळेचाही नसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत त्याचं कुटुंब राहत होतं, अभ्यासाला जागा नव्हती. शाळेत त्याला संस्कृत शिकायचं होतं, ते जातीमुळे शिकू दिलं गेलं नाही. त्यानं फारसी घेतली. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधले एक शिक्षक येत. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. हा मुलगा रोज पुस्तकात डोकं घालून बसलेला त्यांना दिसला आणि त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली. कोण, कुठला, काय वाचतोस. त्यांच्या हजेरीपटावर हे नाव नव्हतं. तरी ते त्याला पुस्तकं देत राहिले. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तिथं केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्यांची गोष्ट पोचवण्यात केळुसकर होते, आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या भेटीची आठवण सांगितली आहे, दादा केळुसकर असं त्यांचं नाव घेऊन. इतक्या वर्षांनी, इतक्या पदव्या आणि लढे मागे टाकल्यावर.

मला त्या प्रसंगात बुद्धचरित्रापेक्षाही बागेतली ती चौकशी मोठी वाटते. बागेत रोज शेकडो माणसं येत असतील. वाचत बसलेला पोरगा अनेकांना दिसला असेल.

आणि मग कोसबाड. चांगल्या शिक्षकाचा विचार करताना मी शेवटी नेहमी त्या टेकडीवर जाऊन पोचतो. डहाणू तालुक्यातली वारली पाड्यांच्या मधली ही टेकडी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या, दादरला शिशुविहार उभं केलेल्या. 1945 मध्ये त्या याच तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ गेल्या. लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या. पुण्यातली नोकरी सोडून त्या आल्या आणि राहिल्या. बोर्डीला बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर गावोगावी ज्या अंगणवाड्या दिसतात, त्यांच्या नावाची आणि कल्पनेची मुळं त्या अंगणात आहेत. महागडी साधनं नव्हतीच. बिया, शंख, शिंपले, पानं, खडे हीच साधनं. मुलांची नखं कापणं, अंघोळ घालणं, केस विंचरणं हा शिकवण्याचाच भाग होता.

1957 च्या सुमारास काम कोसबाडला गेलं आणि तिथं पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. मुलं शाळेत येत नव्हती. असा प्रश्न आला की आपण साधारणपणे मुलांच्या आईबापांना दोष देतो. शिक्षणाचं महत्त्व कळत नाही यांना, असं म्हणून मोकळे होतो. या दोघींनी गैरहजेरीचा माग काढला. मोठ्या मुली येत नव्हत्या, कारण घरी धाकटं भावंड होतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. भावंडाला कडेवर घेऊन ये, त्याला तिथं सोड, तू वर्गात बस. या रचनेला विकासवाडी म्हटलं. मुलगे येत नव्हते, कारण ते गुरं चारायला जात. मग शिक्षकच गुरांमागे निघाले. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली बसलीयत, शिक्षक गोष्ट सांगतोय, खड्यांनी हिशोब मांडतोय, मधेच एखादी गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली तर मुलगा उठून तिला वळवून आणतोय आणि पुन्हा येऊन बसतोय. ही कुरणशाळा. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात याहून सुंदर शाळा झाली असेल असं मला वाटत नाही. ना भिंत, ना घंटा. मूल जिथं हजर होतं तिथं शिक्षक हजर झाला. अनुताईंना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली, ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण. पण त्यांना खरा मान त्या गुराख्यांनी दिला होता, रोज गुरं त्या झाडाच्या दिशेनं वळवून.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 मध्ये पुस्तकरूपानं आली. तिच्यातला तरुण मास्तरही माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत येतो तेव्हा मुलं मेंढरांमागे असतात. वाडी मास्तराला आपला म्हणते ती त्यानं अक्षरं शिकवली एवढ्यानं नव्हे. वाडीच्या भांडणात, हिशोबात, पत्रांत, दुःखात तो सामील होतो म्हणून. माडगूळकरांनी हे कुठं ठासून सांगितलेलं नाही, आणि म्हणूनच ते मनात राहतं.

साने गुरुजींबद्दल इतकं बोललं जातं की त्यांचं शिक्षकपण भाबडेपणाच्या धुक्यात हरवलं आहे. मला त्यांच्यातला कष्टाळू शिक्षक जास्त जवळचा वाटतो. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. रोज. वर्गाचे तास, वह्या, छात्रालयातली आजारपणं हे सगळं सांभाळून मुलांसाठी पानं लिहायची, जगात काय चाललंय, काय वाचावं, कालच्या दिवसात आपलं काय चुकलं, ते सांगायचं. मुलं बाहेर गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, अस्ताव्यस्त कपडे आवरून ठेवायचे. रागावण्याऐवजी. हे सगळ्यांना जमेल असं नाही, जमावं असंही मी म्हणणार नाही; शिक्षकानं संत असावं ही अपेक्षा शिक्षकावर अन्याय करणारी आहे. पण रोज लिहिलेलं ते दैनिक मेहनतीचं काम होतं, आणि मेहनत कुणालाही जमते. मुलांना ती दिसते. आपल्यासाठी कुणी खपतंय हे ओळखायला त्यांना वय लागत नाही.

आता हे सगळं आजच्या शिक्षकाकडे बघून लिहायला जड जातं. दोनशिक्षकी शाळेत दोघांवर चार-पाच इयत्ता. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, तांदळाचा हिशोब, यू-डायसची माहिती, आधार जुळवणी, मतदार याद्यांचं काम, प्रत्येक उपक्रमाचे फोटो काढून ते चढवायचे. हजेरी आता कित्येक ठिकाणी मोबाईलवर भरतात. मान पुन्हा खाली. चांगले शिक्षक कमी झाले असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस अशा शाळेत बसून बघावं, की त्या गुरुजींना वर बघायला किती वेळ उरतो. शहरातली गत निराळी आणि तितकीच वाईट. तिथं एका वर्गात साठ-सत्तर मुलं कोंबलेली सापडतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला 30 मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 35 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिलं आहे. तीस नावं माणूस चेहऱ्यासकट मनात ठेवू शकतो. सत्तर ठेवणारेही काही असतात, त्यांना माझा नमस्कार आहे. पण त्यांच्या भरवशावर शाळा चालवणं बरोबर नाही.

आमच्या तिसरीच्या बाईंची पुढे बदली झाली. ज्या मुलांना त्यांनी वह्या दिल्या त्यांतली काही पुढे शिकली, काही नाही. एकीनं ते पहिलं पान जपून ठेवलं आहे. ती आता स्वतः दोन मुलांची आई आहे, कोयता घेऊन कधीच गेली नाही, गावात शिलाई करते. तिनं ते पान मला दाखवलं तेव्हा घडी पडून अक्षरं पुसट झाली होती. गाणी फार गोड म्हणते, म्हणायला सांगावं, हे मात्र वाचता येत होतं. तिकडच्या शाळेत ती कधी गेलीच नाही, ते पान कुणी वाचलंच नाही. तिला त्याची खंत नव्हती. बाईंनी हे लिहिलं, एवढं तिला पुरलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडतील, पालकसभा होतील. जाल तेव्हा शिक्षकांना मुलाचे गुण विचारू नका, ते प्रगतिपुस्तकात मिळतात. माझं मूल कुणाजवळ बसतं, कशात रमतं, कशाला घाबरतं, एवढं विचारा. उत्तर मिळालं तर त्या शिक्षकांचे मुख्याध्यापकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असे आभार माना. मिळालं नाही तर रागावू नका. त्यांच्या वर्गात किती मुलं आहेत आणि शिकवण्याखेरीज त्यांच्यावर काय काय कामं टाकली आहेत ते विचारा, आणि ती कामं कमी व्हावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत, महापालिकेत तुम्ही स्वतः उभे राहून बोला.